गणपतीच्या फोटोत ती नसायची

“मॅडम, फोन काढूनच घेऊ का हिच्याकडून?” दादरला माझ्याकडे मुलांच्या समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेक आया आधी हेच विचारतात. ही आई लालबागची, घरी ब्लाउज शिवणारी. मुलगी अकरावीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दिवसभर सेल्फी, पण सगळ्या फिल्टर लावून. दुसऱ्या कुणी मोबाइल वर केला की ओढणी तोंडावर. दोन वर्षं घरच्या गणपतीच्या एकाही फोटोत ती नव्हती.

आई बाहेर बसल्यावर ती म्हणाली, “माझं नाक घाण आहे. फिल्टर काढला की दिसतं ना, तेच खरं.”

पण तेही खरं नव्हतं! हातभर अंतरावरून फोटो काढला की लेन्सच्या सगळ्यात जवळ नाक येतं, म्हणून ते पसरट दिसतं. 12 इंचांवरच्या सेल्फीत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये गणित मांडून दाखवलंय.

आईच्या पर्समध्ये शिवणकामाची टेप होती, ती मागून घेतली. मुलीने स्वतः मोजून मोबाइल आधी 12 इंचांवर धरला. मग कपाटाला टेकवून टायमर लावला आणि 5 फूट मागे सरकली. दोन्ही फोटो आलटूनपालटून बघत बराच वेळ गप्प होती. मग दोन बोटांनी दुसरा मोठा करत म्हणाली, “यात कानपण दिसतायत.”

एवढ्याने सगळं सुटलं नाही. “बापाचं नाक घेतलंस गं” हे मावशीचं बोलणं मोबाइल हातात येण्याआधीचं. मोबाइलने त्याला रोज खतपाणी घातलं. नाक बारीक करायच्या रील्सवर ती थबकायची, म्हणून तशाच आणखी यायच्या. त्या आम्ही तिथेच बसून एकेक करून ‘नॉट इंटरेस्टेड’ केल्या.

आईला म्हटलं, फोन राहू दे. घरात रंग, नाक, वजन यांवर बोलणं बंद, मावशीलाही सांगा. आणि तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. हे शेवटचं आईला सगळ्यात जड गेलं. मूल तासन्‌तास आरशासमोरून हलत नसेल, जेवण किंवा कॉलेज सुटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायलाच हवं. इथे तशी वेळ आली नव्हती.

सेल्फीला ती अजून फिल्टर लावते. यंदा आईने आरतीचा फोटो पाठवला. हातात टाळ, ओढणी खांद्यावर, आरती म्हणताना उघडलेलं तोंड. खाली लिहिलं होतं, “तिला विचारून पाठवतेय.”