बायोडेटात 'महत्त्वाकांक्षी' लिहावं की 'होतकरू'?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या मुलीचा स्थळांसाठी बायोडेटा तयार होतोय, धाकट्या भावाने त्यात 'महत्त्वाकांक्षी' असं टाकलं, आत्या म्हणाली ते आधी काढ आणि 'होतकरू' लिही, भाऊ म्हणतो होतकरू म्हणजे काय आपण गरीब आहोत का, आणि आई विचारतायत की यातलं बरोबर कुठलं आणि मुळात 'महत्वाकांक्षा' की 'महत्त्वाकांक्षा'.

शुद्धलेखनाचं आधी उरकून टाकतो. महत् ला त्व लागलं की महत्त्व, महत् मधला एक त आणि त्व मधला दुसरा, म्हणून दोन त. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व यांचंही तेच. नेतृत्व, अस्तित्व यांना मात्र एकच त पुरतो. बोलताना दोन त काही ऐकू येत नाहीत म्हणून टाइप करताना सगळेच एक खातात, वर्तमानपत्रंसुद्धा.

आता मुख्य मुद्दा. आत्या आणि भाऊ दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण हे दोन शब्द एकाच गुणाची दोन नावं नाहीतच, शहरात वर येण्याच्या दोन वेगळ्या काळातल्या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत त्या.

होतकरू हा शब्द कोणी स्वतःबद्दल वापरत नाही. 'मी होतकरू आहे' हे वाक्य म्हणून बघा, कसंतरीच वाटतं. होतकरू नेहमी दुसऱ्याने कुणालातरी म्हणायचं असतं, आणि म्हणणारा वरच्या पायरीवर असतो, संस्थेचा चिटणीस, ट्रस्टी, हेडमास्तर वगैरे. 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप' ही जोडी इतकी घट्ट बसलीय की गरीब न म्हणता नुसतं होतकरू म्हटलं तरी गरीब ऐकू येतं, भावाचा आक्षेप तिथून आलाय. या शब्दामागे एक अख्खं जुनं पुणं आहे, गावाकडून शिकायला आलेला मुलगा, वार लावून जेवणारा, आज या घरी उद्या त्या घरी, नाहीतर माधुकरी मागून शिकणारा. त्याने शिकावं ही फक्त त्याची इच्छा नव्हती, जेवू घालणाऱ्या सात घरांचंही त्यात काहीतरी होतं, आणि तो मुलगा पास झाला की 'नाव काढलं हो पोराने' असं ती घरं म्हणायची. हे 'नाव काढणं' पण बघण्यासारखं आहे, नाव कुणाचं, तर घराण्याचं, गावाचं, मास्तरांचं. स्वतःचं नाव काढलं असं आपण क्वचित म्हणतो.

हा होतकरू अजून गेलेला नाही बरं का. पत्ताही फारसा बदललेला नाही, सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड. फक्त आता तो कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा खातो, अभ्यासिकेत खुर्ची धरतो आणि एमपीएससीची पूर्व, मुख्य, मुलाखत अशी चक्कर मारत राहतो. आणि यश मिळालं की त्याच्या तोंडचा शब्द काय, तर 'पोस्ट काढली'. पूर्वी नाव काढायचे, आता पोस्ट काढतात. क्रियापद तेच राहिलंय, ही गंमत मला फार आवडते.

मुंबईत जरा वेगळं होतं. तिथे कोकणातून आला तो चाकरमानी, म्हणजे ओळख कशाची तर चाकरीची. मोठं व्हायचं वगैरे त्या शब्दात काही नाही, नोकरी आहे, गणपतीला गावी जायचंय, मनीऑर्डर पाठवायचीय. त्याच्या मुलाबद्दलची अपेक्षासुद्धा 'चिकटणं' या शब्दात मावायची, मुलगा गिरणीत चिकटला, बेस्टमध्ये चिकटला, बँकेत चिकटला म्हणजे तर सोनंच. चिकटणं, मार्गी लागणं, हाताशी येणं. या सगळ्यात वर चढणं नाहीये बघा, टेकणं आहे. आणि मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेच परत कधीच आत गेले नाहीत. लालबाग-परळच्या ज्या खोल्यांमध्ये 'बाप तसा मुलगा, बदली कामगार म्हणून लागू दे, मग पर्मनंट होईल' असा सरळ हिशोब होता तिथे चिकटायला जागाच उरली नाही. माझं मत असं की 'करिअर' हा शब्द मराठी घरांत जो पक्का झाला तो याच दहा-पंधरा वर्षांत, नोकरी मिळणं आणि करिअर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा कळायला लागलं.

आता महत्त्वाकांक्षा. महत्त्वाची आकांक्षा, म्हणजे आपल्याला महत्त्व यावं ही इच्छा. काय करायचंय ते या शब्दात कुठेच नाही. फक्त मोठं व्हायचंय. आत्यांच्या कानाला जे खटकतं ते हे. इंग्रजी ॲम्बिशनची जन्मकथाही काही फार सोज्वळ नाही म्हणा, लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ रोममध्ये निवडणुकीला उभं राहिलेल्याने मतांसाठी दारोदार फिरणं. तिकडे त्याचं नंतर कौतुकाच्या शब्दात रूपांतर झालं, नोकरीच्या मुलाखतीत लोक छाती काढून सांगतात. मराठीत ते अर्धवटच झालंय.

नुसती आकांक्षा मात्र फार सुंदर शब्द आहे. न्याय आणि मीमांसा या जुन्या दर्शनांच्या पंडितांनी वाक्याला अर्थ कसा येतो हे सांगताना तीन गोष्टी लागतात असं म्हटलंय, आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची लागलेली ओढ, नुसतं 'गाय' म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. योग्यता म्हणजे शब्द एकमेकांना जुळले पाहिजेत, 'विस्तवाने झाड शिंपतो' म्हटलं तर व्याकरण बरोबर आणि अर्थ शून्य. संनिधी म्हणजे जवळपणा, 'गाय' आत्ता म्हटलं आणि 'आण' तासाभराने म्हटलं तर काही होत नाही. हे वाचताना मला दरवेळी मुंबईतली मुलं वाढवणं आठवतं. घरात आकांक्षा भरपूर, योग्यता क्लासवाल्यांनी टेस्ट घेऊन ठरवलेली, आणि संनिधी कुठून आणायची, आईबाप रोज विरार ते चर्चगेट नाहीतर बदलापूर ते सीएसएमटी, जायला दीड तास यायला दीड तास. तेवढ्यासाठी मराठीने 'पाळणाघर' असा गोड शब्द काढला, पाळणाही आणि घरही.

पण मला विचाराल तर शहरातली महत्त्वाकांक्षा खरी कुठे दिसते, तर ती या नामात नाहीच, ती क्रियापदांत आहे. कुठल्याही सोसायटीच्या गेटपाशी संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा. अबॅकसला घातलंय. डान्सला टाकलंय. स्कॉलरशिपला बसवलंय. मॅथ्सचा क्लास लावलाय. स्पर्धेत उतरवलंय. घालणं, टाकणं, बसवणं, लावणं, उतरवणं, कर्ता आईबाप आणि मूल कर्म. मुलगा बसला असं नाही, बसवलं. कपडा दोरीवर टाकावा तितक्या सहज मूल डान्सला टाकलं जातं आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, भाषा आधीच तशी वळलेली आहे. आणि यादी वयाप्रमाणे ठरलेली, शिष्यवृत्ती कधी चौथी-सातवीला तर कधी पाचवी-आठवीला, सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, आठवीपासून जेईई-नीटसाठीचं फाउंडेशन, मग अकरावी-बारावीला इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेजमध्ये नाव आणि दिवसभर क्लासमध्ये. यातलं होमी भाभा मला आवडतं हेही सांगून टाकतो, प्रात्यक्षिक असतं, प्रकल्प असतो, मुलांना मजा येऊ शकते. पण तिथेही 'भाभाला बसवलंय'च.

याच्या जोडीला सर्वनाम बघा. 'यंदा आमची दहावी आहे.' हे आई म्हणते, जिची दहावी होऊन पंचवीस वर्षं झालीत. 'आम्ही सध्या जेईई करतोय.' मराठीत आपण आणि आम्ही असा भेद आहे, आपण मध्ये ऐकणारा आत, आम्ही मध्ये ऐकणारा बाहेर. म्हणजे 'आमची दहावी' यात मूल आणि आई एका बाजूला आणि तुम्ही पाहुणे बाहेर, आणि ते खरंही असतं, दहावीच्या वर्षी केबल काढून टाकायचे, लग्नकार्याला जायचं नाही, पाहुण्यांनी यायचं नाही. आता केबलच्या जागी वायफायचा पासवर्ड बदलतात एवढंच. थट्टा करतोय असं वाटेल पण त्या 'आमची' मध्ये माया पण आहेच हो, रात्री दोन वाजता चहा करून देणारी बाई 'तुझी दहावी' कशी म्हणेल.

पूर्वी 'बोर्डात येणं' असा एक वाक्प्रचार होता. मुलगा बोर्डात आला, म्हणजे दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत आला, दुसऱ्या दिवशी पेपरात आईबाप पेढा भरवतानाचा फोटो. बोर्डाने याद्या लावणं बंद केलं आणि वाक्प्रचार म्हाताऱ्या माणसांकडे राहिला. त्याची जागा पर्सेंटाइलने घेतली, पण 'नव्याण्णव पर्सेंटाइल आले' यात कुठे येणं नाही, फक्त कितीजणांच्या पुढे ते आहे. आणि त्या पुढे जाण्याचं शेवटचं स्टेशन म्हणजे 'बाहेर'. पुण्यात कोथरूडला कुणी म्हणालं की 'मुलगा बाहेर असतो', तर तो कोपऱ्यावर सिगरेट ओढायला गेलेला नसतो, तो अमेरिकेत असतो.

आता मुलीचं. 'महत्त्वाकांक्षी' मुलाच्या बायोडेटात लिहिलं तर आत्या काही बोलल्या नसत्या, हे त्यांनाही माहितीय. बाईला हा शब्द लागला की त्याला आपल्याकडे एक विशिष्ट वास येतो आणि तो शनिवारवाड्यातून येतो असं मला वाटतं. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, 'धरावे'चं 'मारावे' राघोबांच्या आनंदीबाईने केलं ही आख्यायिका, पुरावा काही नाही, पण 'ध चा मा' वाक्प्रचार होऊन बसला आणि बाईंना 'महत्त्वाकांक्षी' कायमचं चिकटलं. गंमत अशी की दुसऱ्या आनंदीबाई, डॉक्टर आनंदीबाई जोशी, एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून गेल्या, 1886 मध्ये फिलाडेल्फियात एमडी झाल्या, यापेक्षा मोठी आकांक्षा काय असते, पण त्यांना आपण महत्त्वाकांक्षी म्हणत नाही, जिद्दी म्हणतो. आणि त्यांच्या गोष्टीतही क्रियापद 'शिकवलं' असं असतं, गोपाळरावांनी शिकवलं. आकांक्षा नवऱ्याची असली की बाईच्या वाट्याला चांगलं विशेषण येतं, स्वतःची असली की ध चा मा.

जिद्द वरून आठवलं, हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, हिंदीत जिद म्हणजे हट्ट, मूल जिद करतं, मराठीत येऊन त्याची बढती झाली. ईर्षेचंही तसंच, हिंदीत ती जळणं, आपण मात्र 'ईर्षेने अभ्यास केला' असं कौतुकाने म्हणतो. म्हणजे मराठीला पुढे जाण्याचं वावडं नाही, धडपड दिसली पाहिजे, नुसतं मोठेपण हवं म्हटलेलं चालत नाही.

तर बायोडेटात काय लिहायचं. होतकरू मुलीला चालतं, ते बदलत नाही, होतकरू मुलगा होतकरू मुलगी, पण चांगल्या पगारावरच्या मुलीला ते लिहिलं तर कुणीतरी तिला वह्या वाटायला येईल. जिद्दी लिहिलं तर सासरचे हट्टी वाचतील. महत्त्वाकांक्षी लिहिलं तर शब्द चुकीचा नाही, पण वाचणाऱ्याला कळणार काहीच नाही, कशाची ते त्यात नाही म्हणून. मी विशेषणच काढलं असतं आणि तिला काय करायचंय ते एका वाक्यात लिहिलं असतं, 'लग्नानंतर नोकरी चालू ठेवणार, परदेशी संधी आली तर जाण्याची इच्छा आहे' किंवा जे काही असेल ते. तेवढं एक वाक्य मात्र भावाने किंवा आत्याने नाही, मुलीने स्वतः बसून लिहावं. बसवून नको.