काठाचे वेल गडद का?

प्रश्न : उंदरांच्या सीरममधलं (रक्तद्रवातलं) आयएल-६ हे प्रथिन एलायझा या अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीच्या किटने मोजतो. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये काठाचे वेल गडद येतात, ब्लँकही (नमुना न घातलेला वेल) पिवळा. किट बदलू का? – एक वाचक, खारघर

उत्तर : थांबा, किट महाग असतं! आधी धुणं तपासा. दर वेलला ३०० मायक्रोलिटर वॉश बफर, अर्धा मिनिट दम, मग प्लेट टिश्यूवर पालथी आपटायची. मागे राहिलेलं एचआरपी हे एन्झाइम टीएमबी या रंगहीन रसायनाला रंगवतं. प्रक्रिया थांबवणारं स्टॉप सोल्यूशन पडलं की ब्लँक पिवळा. काठाचं दुखणं वेगळं. फ्रिजमधली प्लेट लगेच वापरली, तर कडा मधल्या वेलांआधी तापतात आणि तिथे रंग जास्त चढतो. सगळं अर्धा तास बाहेर ठेवा, सीलर (प्लेटचं चिकट झाकण) लावा, प्लेटा एकावर एक रचू नका, एसीच्या झोतात तर नकोच. रंगाचं वाचन ४५० नॅनोमीटरवर, लगेच.