नालीचे पाणी, आईची कावीळ आणि सहा महिन्यांची मुदत

प्रश्न (थोडक्यात): परभणी जिल्ह्यातल्या नगरपरिषदेच्या एका शहरात आम्ही राहतो. आठ दिवसांआड नळ येतो. 12 जूनला पिवळट, नालीचा वास मारणारे पाणी आले. 18 जुलैला आईला कावीळ झाल्याने दवाखान्यात ॲडमिट करावे लागले, बिल 86 हजार झाले. गल्लीत आणखी सात-आठ जण आजारी पडले. जुलैअखेर पालिकेने नालीजवळ खोदून पाइप बदलला. तोंडी तक्रारी खूप केल्या. एक लेखी अर्ज दिला, पण पोच घेतली नाही. माजी नगरसेवक ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाले. आता नळाला मोटर लावल्याबद्दल उलट आम्हालाच पालिकेची नोटीस आली आहे. नळजोडणी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. दाव्याला तीन वर्षे मुदत असते असे कळले. ग्राहक मंचात जावे की कोर्टात?

उत्तर: मंच की कोर्ट हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तारखेचा आहे आणि तो तुम्ही शेवटच्या ओळीत, तोही चुकीच्या आकड्यासह विचारला आहे.

तीन वर्षांची मुदत विसरा. ती शेजाऱ्याविरुद्ध किंवा हातउसन्या पैशासाठी चालते. नगरपरिषदेविरुद्ध महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 चे कलम 304 लागते. त्यात दोन अटी आहेत. दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल झाला पाहिजे, आणि त्याआधी पालिका कार्यालयात लेखी नोटीस देऊन एक महिना पूर्ण झाला पाहिजे. कर्तव्यात केलेली हयगयही या कलमात येते, त्यामुळे ‘हे काही पालिकेचे कायदेशीर काम नव्हे, निव्वळ हलगर्जीपणा आहे’ असा युक्तिवाद करून तुम्हाला या अटींतून निसटता येत नाही. महानगरपालिका असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 487. अटी जवळपास त्याच. जालन्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे की तिथे 2023 पासून महानगरपालिका आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने जुन्या नमुन्यातली नोटीस आता पाठवू नका.

आता तुमचे गणित. आज नोव्हेंबरचा चौथा आठवडा आहे. मुदत 12 जूनपासून मोजली तर ती 12 डिसेंबरला संपते. नोटीस 25 नोव्हेंबरला पालिकेत पोहोचली तर तिचा महिना 25 डिसेंबरला पुरा होतो. म्हणजे नोटिशीचा महिना संपण्याआधीच दाव्याची मुदत संपते. यातून वाट काढते मुदत अधिनियम, 1963 चे कलम 15(2): कायद्याने नोटीस सक्तीची असेल तर नोटिशीचा काळ मुदतीतून वगळतात. ती वजावट धरली तर तुम्हाला साधारण 12 जानेवारीपर्यंत जागा मिळते. म्हणजे 25 डिसेंबर ते 12 जानेवारी, अठरा दिवस, आणि त्यात डिसेंबरअखेरच्या सुट्ट्या.

पालिकेचे वकील या वजावटीवर हरकत घेतील, हे गृहीत धरा. तुमचा दुसरा आधार असा की नुकसान 12 जूनला झालेच नव्हते. ते आई आजारी पडल्यावर, म्हणजे 18 जुलैला झाले आणि कारणही त्या दिवशी घडले. हा युक्तिवाद मला पटतो, न्यायाधीशांना पटेलच असे सांगत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर जानेवारीचा तिसरा आठवडा गाठू नका.

नोटिशीचा महिना पुरा होण्याआधी घाईने दावा टाकू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र फेटाळायची मागणी लगेच येईल, आणि दावा मागे घेऊन पुन्हा दाखल करेपर्यंत मुदत उलटलेली असेल. ‘उशीर माफीचा अर्ज देऊ’ असे कुणी सांगितले तर ऐकू नका. मुदत अधिनियमातली कलम 5 ची माफी अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. चार महिने तोंडी तक्रारीत आणि ‘दिवाळीनंतर’ मध्ये घालवले, त्याची किंमत ही आहे. पोच नसलेला अर्ज, मोबाइलवर पाठवलेले फोटो, पोर्टलवरची तक्रार यांपैकी काहीही कलम 304 ची नोटीस म्हणून चालेल अशी आशा धरू नका.

नोटीस आईच्या नावाने द्या, तुमच्या नाही. आजारी त्या पडल्या, वादी त्याच. बिल तुम्ही भरले असेल तर तुमचेही नाव वादी म्हणून त्यात घाला. होणाऱ्या वादीचे नाव, राहण्याचा पत्ता आणि दाव्याचे कारण नोटिशीत स्पष्ट हवे: पाणी कोणत्या तारखांना आले, कोणत्या गल्लीत, वास-रंग कसा होता, कोण कधी आजारी पडले, पाइप कधी बदलला, किती रक्कम मागता. नोटिशीत नसलेले कारण पुढे पुराव्यात आणायला गेलात तर समोरून विरोध होईल. गल्लीतल्या बाकीच्यांना भरपाई हवी असेल तर त्यांची नावे आत्ताच यायला हवीत. नंतर ‘आम्हीही होतो’ म्हणत आत येता येणार नाही. नोटीस स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, आणि त्याच दिवशी दुसरी प्रत आवक-जावक टेबलावर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का दिला नाही तर तिथेच बसून राहा. पाणीपट्टीच्या बिलावर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे (पाणीपुरवठ्याची राज्यस्तरीय संस्था) नाव असेल तर त्यांनाही तशीच नोटीस द्या.

जिल्हाधिकारी, राज्य शासन, आरोग्य विभाग यांना हौसेने प्रतिवादी करायची सवय आपल्याकडे आहे. करू नका. शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि तेवढे दिवस तुमच्याजवळ नाहीत.

पुराव्याबद्दल. आज नळाचे पाणी तपासून जूनचे पाणी सिद्ध होत नाही. तरी वास अजून येत असेल तर तपासा: नळ सुटल्यावर दोन-तीन मिनिटे वाहू द्या, प्रयोगशाळेनेच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. घरची धुतलेली बाटली चालत नाही. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये आणि उर्वरित क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर असावा.

जूनचे पाणी सिद्ध करायला दोन कागद जास्त उपयोगी. एक, आईचा रक्ततपासणी अहवाल. हिपॅटायटिस ए किंवा ई (दूषित पाण्यातून होणारी कावीळ) यांची आयजीएम तपासणी, म्हणजे ताजा संसर्ग दाखवणारी रक्तचाचणी, झाली असेल तर तो अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्या. पाणी जूनमध्ये खराब आणि आजार जुलैत, मग संबंध काय, असे पालिका विचारेलच. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ए प्रकारात 15 ते 50 दिवस लागतात, ई प्रकारात दोन ते दहा आठवडे. तुमच्या प्रकरणात अंतर 36 दिवसांचे आहे, दोन्हीत बसते. हे डॉक्टरांच्या सहीने कागदावर यायला हवे. वकिलाने तोंडी सांगून भागत नाही.

दुसरा कागद पालिकेकडेच आहे. जुलैअखेर पाइप बदलला ना? त्या कामाचा कार्यादेश, ठेकेदाराचे बिल आणि मोजमाप पुस्तिकेची नोंद, म्हणजे एमबी. कुठे खोदले, किती मीटर, कोणत्या व्यासाचा पाइप, हे त्यात असते. या नोंदीवर सगळे ठरू शकते, कारण घराकडे येणाऱ्या जोडणीच्या पाइपची देखभाल पालिका तुमच्या गळ्यात घालेल आणि मुख्य जलवाहिनी तेवढी आपली म्हणेल. बदललेला पाइप मुख्य वाहिनीचा निघाला तर तो बचाव फार टिकत नाही. माहिती अधिकारात 1 जून ते 31 जुलै या काळासाठी हे मागा: तुमच्या प्रभागाची क्लोरीन तपासणीची (ओटी) नोंदवही, प्रयोगशाळेला पाठवलेल्या नमुन्यांचे अहवाल, गळती दुरुस्तीची नोंदवही आणि वर सांगितलेली एमबी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, प्रतींसोबत अभिलेख पाहण्याचीही मागणी करा. उत्तराला 30 दिवस, ते आले नाही तर अपील, पुढे माहिती आयोगात किती काळ जाईल ते विचारू नका. म्हणून नोटीस माहिती अधिकाराच्या उत्तरासाठी अडवून ठेवायची नाही. दोन्ही एकाच दिवशी.

पाण्याचे फोटो-व्हिडिओ काढले असतील तर तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. ते कोर्टात दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे, प्रमाणपत्र लागेल.

मोटरीचे प्रकरण मात्र तुम्ही स्वतःच ओढवून घेतले आहे. आठ दिवस रिकाम्या असलेल्या वाहिनीला टिल्लू मोटर लावली की आत निर्वात तयार होते आणि जिथे सांधा सैल, वर नाली, तिथून सांडपाणी खेचले जाते. पालिका हेच म्हणणार. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या; मोटर नव्हतीच असे लिहू नका, कारण पंचनामा झालेला असू शकतो. ज्यांच्याकडे मोटर नाही अशा शेजाऱ्यांनाही कावीळ झाली असेल तर त्यांची शपथपत्रे हे तुमचे खरे उत्तर. मोटर आजच नळावरून काढा आणि पाणी हौदात घेऊन हौदावर लावा. ओल्या ओट्यावर दोन पिनांच्या वायरीवर ती चालत असेल तर तीन पिना, अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. कावीळ बरी होते, शॉकचे तसे नाही.

आता मंच की कोर्ट. मंचाला आता ग्राहक आयोग म्हणतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली मुदत दोन वर्षांची आहे आणि सबळ कारण दाखवले तर उशीर माफही होतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही. तिथली तक्रार म्हणजे दावा नव्हे, त्यामुळे कलम 304 ची सहा महिन्यांची अट तिथे लागू नये, असे माझे मत. पण पाणीपट्टी हा कर आहे, सेवेचा मोबदला नाही, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही, हा पालिकेचा नेहमीचा बचाव आहे, आणि त्यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. वडिलांच्या नावाची जोडणी फार मोठी अडचण नाही, सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक धरला जातो. तरी नाव बदलून घ्या आणि पाणीपट्टी थकली असेल तर भरून टाका. तुम्ही दिवाणी दाव्याची वाट आधी मोकळी ठेवा. ती 12 जानेवारीला बंद होऊ शकते, आयोगाची तेव्हाही उघडी असेल. कोणती वाट धरायची ते नोटिशीच्या महिन्यात वकिलाशी बसून ठरवा. एकाच भरपाईसाठी दोन्हीकडे जाऊ नका.

नालीत बुडालेले व्हॉल्व्ह किंवा जोडण्या अजून तशाच असतील तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी) अर्ज करा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम 133. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले आहे की निधी नाही ही सबब चालत नाही. या अर्जातून भरपाई मिळत नाही, काम मात्र होऊ शकते. त्यासाठी सहा महिन्यांची भीती नाही.

आरओ (पाणी शुद्ध करण्याचे यंत्र) घेतले असेल तर त्याच्या बिलाची मूळ पावती, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, पाणीपट्टीच्या पावत्या आणि पालिकेची मोटरीबद्दलची नोटीस घेऊन याच आठवड्यात स्थानिक वकिलाकडे जा. नोटिशीचा मसुदा एका दिवसात होतो. 25 तारीख पाळा.