दुमडणाऱ्या दांड्याची मोटर कुठे असते?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत पार्किंगचे छत बुटके असल्याने प्रवेशद्वारावर मध्येच दुमडणारा स्वयंचलित दांडा बसवला आहे. टेम्पोची धडक बसून त्याचा पुढचा अर्धा भाग वाकला, तेव्हा फॅब्रिकेटरकडून त्या जागी लोखंडी पाइप लावून घेतला. आता दांडा कण्हत वर जातो आणि खाली येताना आदळतो. सांध्यातली मोटर बिघडली असावी का? की मोठी मोटर घ्यावी?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : सांध्यात सहसा मोटर नसतेच. एकच मोटर बाजूच्या पेटीत असते आणि दांड्याच्या मागच्या अर्ध्या भागाला समांतर अशी एक सळई सांध्यापर्यंत जाते. तिचे एक टोक पुढच्या भागाच्या मुळाशी जोडलेले असते. दुसरे मात्र शाफ्टवर (म्हणजे दांड्याला फिरवणाऱ्या आसावर) नव्हे, तर पेटीच्या न हलणाऱ्या अंगावरील खुंटीला असते, त्यामुळे मागचा भाग उभा होत असताना पुढचा भाग जमिनीला समांतरच राहतो. पेटीवरची ही खुंटी शाफ्टच्या बरोबर खाली न ठेवता खाली आणि किंचित पुढे, तिरकी ठेवावी लागते, कारण ती सरळ खाली असेल तर दांडा उभा होताच सळई त्याच्याच रेषेत येते आणि सांध्याला आवरणारे काही उरत नाही.

वजन उचलण्याचे बरेचसे काम पेटीतली स्प्रिंग करते, मोटर केवळ ढकलते. उदाहरणार्थ, ३ मीटर लांब आणि ४ किलो वजनाचा सरळ दांडा आडवा असताना शाफ्टवर सुमारे ५९ न्यूटन-मीटर पीळ (फिरवणारा जोर) देतो. तोच दुमडणारा असेल तर पुढच्या भागाचे वजन जणू सांध्यावरच टांगलेले असते, म्हणून हा पीळ ४४ पर्यंत उतरतो. आता पुढचा २ किलोचा अॅल्युमिनियमचा भाग काढून ५ किलोचा लोखंडी पाइप लावला, की तो थेट ८८ वर जातो. मग स्प्रिंग अपुरी पडणारच, त्यात मोटरचा काय दोष? मोठी मोटर घेऊन आदळणे थांबणार नाही, खर्च मात्र वाढेल.

मूळ वजनाचा अॅल्युमिनियमचा भाग पुन्हा बसवून घ्या. त्यानंतर वीज बंद करून, किल्लीने गिअर सोडवून दांडा अर्ध्या उंचीवर धरा आणि हलकेच सोडा. तो तिथेच रेंगाळला तर स्प्रिंग जुळली असे समजावे. स्प्रिंगला हात लावायचा तो दांडा उभा असतानाच आणि तोही तंत्रज्ञाने, कारण आडव्या स्थितीत ती पूर्ण ताणलेली असते.

धडकेचे कारणही याच रचनेत असू शकते. शाफ्ट ९० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर वरच्या उदाहरणातला ३ मीटरचा दुमडणारा दांडा पूर्ण उघडल्यावरही त्याचा पुढचा भाग जमिनीपासून सुमारे २.४ मीटरवर आडवाच असतो, आणि सामान लादलेल्या टेम्पोच्या चालकाला फाटक उघडलेलेच दिसते. तेव्हा उंचीची पाटी छताच्या तुळईवर नव्हे, फाटकाच्या अलीकडे लावावी.