आमच्यामागे हिचं कोण?

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. आणि आमच्यामागे हिचं कोण?"

नौपाड्यातल्या जुन्या चाळीपासून घोडबंदरच्या टॉवरपर्यंत, ठाण्यातले आईवडील समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसले की हीच दोन वाक्यं येतात, बहुतेक याच क्रमाने. मुलीचं मुलीवर किंवा मुलाचं मुलावर प्रेम आहे, हे नुकतंच कळलेलं असतं. पहिलं वाक्य इतिहासाबद्दलचं आणि दुसरं म्हातारपणाबद्दलचं. पूर्वी अशी माणसं कशी जगली हे कुणी सांगितलेलंच नसेल, तर पुढे ती कशी जगतील हे डोळ्यांसमोर तरी कसं येणार? एका मायलेकींच्या निमित्ताने हे सविस्तर मांडते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

लेक तिशीची. ऐरोलीला नोकरी, आणि रात्री जागून ऐतिहासिक कादंबरी लिहिणारी. आई निवृत्त शिक्षिका. मैत्रिणीबद्दल घरात कळून वर्ष झालं होतं, पण त्यावर कुणी बोलत नव्हतं. एक दिवस आईने टेबलावर पडलेलं कादंबरीचं बाड वाचून काढलं. गोष्ट ठाण्याचीच, १७७४ सालची. किल्ल्याजवळच्या वस्तीत एक बालविधवा आणि एक सुईण एका घरात राहू लागतात. सोबत एक पोरका मुलगा आणि देवळातला म्हातारा गुरव. शेवटच्या प्रकरणात दोघी मासुंदा तलावात जीव देतात. आई रोज संध्याकाळी त्याच तलावपाळीला फेऱ्या मारते. तिची झोप उडाली आणि ती लेकीला माझ्याकडे घेऊन आली.

अशा वेळी आधी करायचं काम एकच. लेकीला एकटीला बसवून सरळ विचारलं, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट स्पष्ट विचारलं की माणूस मोकळा होतो.

"नाही, मॅडम. पण त्या दोघींचं दुसरं काय करू? जगल्या तर वाचणाऱ्याला खोटं वाटेल."

"वाचणाऱ्याला, की तुला?"

ती गप्प राहिली. पुढच्या वेळी बाड घेऊन ये, एवढंच सांगितलं.

मी लक्षणांच्या यादीपेक्षा माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो तिकडे जास्त लक्ष देते, आणि या कामात त्याचा फार उपयोग झाला. बाडात एका पानावर कोतवाल त्या विधवेला दम देतो: निसर्गाविरुद्ध वागणाऱ्याला कलमाखाली जन्मठेप आहे. मी तिथे बोट ठेवलं. हे कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं, ३७७ वं. अंमलात आलं १ जानेवारी १८६२ ला. म्हणजे कादंबरीतल्या काळानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी. १७७४ च्या कोतवालाच्या तोंडी ते येईलच कसं?

पेशवाई मऊ होती असं मुळीच नाही. बदकर्माचा ठपका आला की बाईला किल्ल्यावर कैदेत टाकत, कुणबीण म्हणजे गुलाम करत. जात वाळीत टाकायची ते वेगळंच. ती भीती कादंबरीत हवीच. पण हा विशिष्ट दम त्या काळाचा नव्हता. तो कुठून आला? कॉलेजात असताना त्या कलमाच्या बातम्या वाचून जी मुलगी रात्र रात्र जागली, तिचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांतून ते कलम काढलं. हिच्या मनातून मात्र ते निघालं नव्हतं. तिने ते आपल्या नायिकांच्या गळ्यात बांधलं होतं. "माझी भीती मी त्यांना दिली," हे ती स्वतःच म्हणाली. मला ते सांगावं लागलं नाही.

मग तिने वाचायला घेतलं. मराठी ग्रंथ संग्रहालयात बसून १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं, आणि सोबत खऱ्या माणसांच्या नोंदी. तिच्या नायिकांच्याच दशकात, १७७८ मध्ये, एलिनर बटलर आणि सारा पॉन्सन्बी आयर्लंडमधल्या आपापल्या घरांतून निघून गेल्या. १७८० पासून वेल्समधल्या लॅन्गॉलनला एकत्र राहिल्या, त्या १८२९ मध्ये एलिनर जाईपर्यंत. त्यांची मोलकरीण मेरी कॅरिल त्यांच्यासोबत होती आणि तिघींची नावं एकाच तीन बाजूंच्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांच्या नात्याला आज काय म्हणायचं यावर अभ्यासकांत वाद आहे, तो असू दे. जवळजवळ पन्नास वर्षांचा संसार मात्र वादाचा विषय नाही. आपल्याकडे यायचं तर लाहोरचे सोळाव्या शतकातले संत शाह हुसैन आणि त्यांचे माधो लाल. मुसलमान सूफी आणि हिंदू तरुण, शेजारी शेजारी पुरलेले; लोक आजही दोघांचं नाव एका दमात घेतात. आणि हिजड्यांची घराणी: गुरू, नानगुरू (गुरूचा गुरू), चेला, गुरुभाऊ अशी नाती, आजारपणात सेवा, मेल्यावर सुतक. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची नावं पोलिसांच्या वह्यांत चढवली, तरी ती नाती टिकली.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या किंवा वाचणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते: प्रेमाचा उच्चार कुठे सापडतो का, हे शोधत बसू नका. घर कुणाच्या नावावर, किल्ली कुणाकडे, तापात उशाशी कोण, पाणी कुणी पाजलं, हे शोधा. जुनी माणसं आपल्या नात्याबद्दल बोललेली क्वचितच सापडतात, पण भांडीकुंडी कुणाला दिली हे लिहून ठेवतात.

लेकीला एक काम दिलं. बुडण्याचं प्रकरण बाजूला ठेव आणि त्या दोघींचा एक साधा दिवस लिही, उठल्यापासून झोपेपर्यंत. ज्यात काहीही घडत नाही असा. तिने लिहिला, आणि आईसमोर वाचायची तयारी दाखवली.

आई हात जोडून, ताठ बसली होती. लेक वाचू लागली: दुपारी विधवा एकटीच जात्यावर दळत बसली...

"दुपारी?" आई मध्येच म्हणाली. "दळण पहाटेचं असतं. आणि एकटीने कशाला? घरात दोघी आहेत ना? मग समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीने वैरण घालायला, म्हणजे जात्यात दाणे टाकायला, हात सोडला की दुसरीने ओढ सांभाळायची. माझी आजी आणि तिची जाऊ तशाच बसायच्या."

लेकीने तिथल्या तिथे खोडून लिहिलं. आई आणखी पुढे सरकली. "आणि सोवळ्यातली बाई सुइणीच्या हातचं खाईल का?"

"नाही खात. म्हणून तर दोन चुली आहेत घरात."

"मग हिला ताप आला तर? पेज कोण देतं?"

"सुईण."

"सोवळं?"

"त्या रात्री मोडतं."

आईला रडू आलं. जरा वेळाने म्हणाली, "तुझी ती... मागच्या वर्षी तुला डेंग्यू झाला तेव्हा रात्री तीच होती ना दवाखान्यात? मला वाटलं होतं, ऑफिसातली कुणीतरी आहे."

इतके दिवस "आमच्यामागे हिचं कोण" विचारणाऱ्या आईला उत्तर आधीच भेटलेलं होतं, पण ते तिला एका जुन्या जात्यापाशी बसल्यावर ओळखू आलं. समोरच्या माणसाला ज्या गोष्टीत अधिकार आहे तिथून आत येऊ द्यावं. या आईला समलैंगिकतेबद्दल सांगून काही उपयोग झाला नसता. स्वयंपाकघरातलं मात्र तिला लेकीपेक्षा जास्त कळत होतं.

आता ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी कागदांचं. प्रेम ओळखून भागत नाही, तेही लिहून ठेवावं लागतं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे जोडीदाराला कायद्याने आपोआप काहीच मिळत नाही. अविवाहित हिंदू मुलगी मृत्युपत्राविना गेली, तर तिची स्वकमाई आईवडिलांकडे जाते. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे दोघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा उद्या एखाद्या चुलतभावाच्या नावावर! सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव घातलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे. नॉमिनी हा तात्पुरता सांभाळणारा असतो, मालक नव्हे. मृत्युपत्र हवंच: दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी, म्हणजे पुढे नातेवाईकांना "ही सही खरी नाही" म्हणणं जड जातं.

शुद्धीत असलेला प्रौढ रुग्ण आपल्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर स्वतःच सही करतो. अडचण येते ती शुद्ध नसताना. त्यासाठी अंतिम काळातल्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र करता येतं, दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने. आपल्या वतीने कोण बोलेल ते त्यात लिहा. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने साध्या कागदावर कुणाही प्रौढाला प्रतिनिधी नेमता येतं. भाड्याचं घर असेल तर करारात दोघींची नावं घाला आणि करार नोंदवा. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की लग्न हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, आणि निवडलेल्या कुटुंबाची कल्पना मान्य केली. वकिलाकडे जाताना या निकालाचा उल्लेख जरूर करा.

मुलाच्या बोलण्यात जीव द्यायचा विषय आला, तर कागद नंतर. आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा आणि त्याला एकटं सोडू नका. "हे बरं करून देतो" म्हणणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे नेऊ नका. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलं आहे.

या घरातले वडील अजून आलेले नाहीत. लेकीचं मृत्युपत्र झालं आहे आणि त्यात जोडीदाराचं नाव आहे. आईला ते वाचायला दिलं होतं. कादंबरीतल्या दोघी आता बुडत नाहीत. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा मुलगा आणि गुरवासह त्या खाडी ओलांडून कल्याणला जातात. आईचं म्हणणं आहे की १७८० मध्ये इंग्रज तिथेही येणार, मग आणखी आत, मुरबाडकडे न्याव्यात, तिथे सुइणीला कामही मिळेल. लेकीला कल्याणच हवं आहे. यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.