शिवराई आणि डुक्कर रुपया: फोटोत दिसत का नाहीत?

तुमची अडचण मला समजली ती अशी. कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे, नुकताच रिंग लाइटही घेतलाय. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, म्हणजे तोच ‘डुक्कर रुपया’, काढला की पांढरा फटक येतो, वर कॅमेऱ्याची आणि तुमच्या बोटांची सावली. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, काढली की नुसता काळा गोळा, अक्षर एक दिसत नाही. आणि प्रश्न असा की मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी) घ्यावी का, घ्यावी तर कोणती.

लेन्स राहू द्या. आधी तो रिंग लाइट घरातल्या रील करणाऱ्यांना देऊन टाका.

नाण्याचा फोटो म्हणजे उठावाचा फोटो. अक्षराच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला बारीकशी सावली, एवढ्यावरच ते अक्षर आपल्याला दिसतं. रिंग लाइट चारी बाजूंनी सारखा उजेड टाकतो, म्हणजे स्वतःच्या सावल्या स्वतःच पुसून टाकतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायला तो बनवलाय, आणि नाण्यावर आपल्याला नेमक्या सुरकुत्याच हव्या असतात.

आता शिवराई. खरी झिजलेली शिवराई, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची किनार, आणि अर्धी अक्षरं मुळातच ठशाबाहेर गेलेली. तांबं काळवंडलेलं असतं, उजेड पिऊन टाकतं. तिच्यासाठी एकच दिवा घ्या, साधा एलईडी बल्ब टेबललॅम्पमध्ये. नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर दहा-अकराचे आकडे जिथे येतील त्या दिशेला ठेवा आणि टेबलापासून फार उंच नको. डोळा कॅमेऱ्याला लावून एका हाताने दिवा हळूहळू खाली आणत जा. एका क्षणी ‘शिव’मधला ‘व’ अचानक वर उठून येतो. तिथे थांबा. आणखी खाली नेलात तर कीड, खड्डे, कळंक सगळंच उठून येतं आणि अक्षर त्यात हरवतं. ही जागा प्रत्येक नाण्याला वेगळी असते. मी दोन सारख्या दुदांडी (अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या) शिवराया शेजारी ठेवून पाहिल्यात, दोघींना दिवा वेगवेगळा लागला.

दिवा वरच्याच बाजूला का? उजेड वरून येतो असं आपला डोळा गृहीत धरतो. तो सहा वाजण्याच्या बाजूने आला तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसायला लागतात. म्हणून नाणं आधी सरळ करा आणि मगच फोटो काढा. वाकडा काढून नंतर संगणकावर फिरवलात तर उजेडही त्याच्याबरोबर फिरतो. लिलावाच्या कॅटलॉगमध्येसुद्धा ही चूक कधीमधी दिसते, खड्डा पडलेला राजा.

रुपयाची गोष्ट उलटी. चांदी म्हणजे आरसा. तिचा फोटो म्हणजे तिच्यात जे दिसतंय त्याचा फोटो, मग ते छत असो, ट्यूबलाइट असो की तुमचा शर्ट. (शर्ट काळा घाला, थट्टा नाही.) इथे उघडा बल्ब चालत नाही, त्याचा एक पांढरा ठिपका राजाच्या गालावर बसतो. दोन दिवे घ्या, दहा आणि दोन वाजता, शिवराईपेक्षा बरेच उंच, आणि दोघांपुढे बटर पेपर धरा. पेपर बल्बला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. दोन्ही दिवे अगदी सारखे नकोत, एक थोडा मागे सरकवा, नाहीतर रिंग लाइटचंच भूत परत येतं.

१९११ च्या रुपयात बघायचं काय हे तुम्हाला ठाऊक आहेच, तरी नवख्यांसाठी सांगतो. राजाच्या झग्यावर जी साखळी आहे तिच्यात हत्ती आहे. १९११ मध्ये त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं, मुसलमान समाजातून नाराजी आली, आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. तो हत्ती तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान आहे. म्हणून सगळ्या नाण्याला शोभणारा उजेड त्याला शोभेलच असं नाही. मी दोन फोटो काढतो: एक अख्ख्या नाण्याचा, आणि दुसऱ्या वेळी फक्त हत्तीकडे बघत उजवा दिवा सोंडेची सावली पडेपर्यंत सरकवून.

यासाठी मॅक्रो लेन्स लागत नाही, हिशोब सांगतो. रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा. तुमची किट लेन्स ५५ वर ठेवून जितकं जवळ जाता येईल तितकं गेलात तर ती वस्तूची तिसऱ्या हिश्श्याएवढी प्रतिमा सेन्सरवर टाकते, म्हणजे दहा मिलिमीटर. सेन्सरची उंची पंधरा-साडेपंधरा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे नाणं अडीच हजार पिक्सेलच्या वर रुंद येतं. एका मिलिमीटरला ऐंशीच्या आसपास पिक्सेल पडतात, सोंड ओळखायला ते पुरेत. मॅक्रो घ्यायचीच तर दक्षिणेतल्या चिमुकल्या फनमसारखी बारकी नाणी गोळा करायला लागल्यावर घ्या, आणि तेव्हा १०० मिमीच्या आसपासची घ्या. ५० ची घेतलीत तर लेन्स नाण्याच्या इतकी जवळ जाते की दिव्याला आत शिरायला जागा उरत नाही.

कॅमेऱ्याचे आकडे एकदा लावून विसरून जायचे असतात. आयएसओ १००, लेन्सचं भोक (ॲपर्चर) एफ/८, मोड ॲपर्चर प्रायॉरिटी म्हणजे शटर कॅमेराच ठरवतो, आणि रॉ फाइल. एफ/१६ किंवा २२ वर सगळं जास्त स्पष्ट येईल असं वाटतं, पण इतक्या जवळून ते उलट मऊ, धूसर पडतं. नाणं चपटं आहे, त्याला एवढी खोली लागतच नाही. शटर १/१० पासून १/५० पर्यंत कुठेही येऊ द्या. स्वस्त एलईडी लुकलुकतात, शटर फार जलद ठेवलं तर फोटोवर आडवे पट्टे येतात. दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून हाताने करा. फोकस राजाच्या मिशीवर नको, सपाट भाग आणि उठाव यांच्या मधोमध कुठल्यातरी अक्षराच्या कडेवर धरा.

एक्स्पोजरला मात्र कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं. काळ्या मखमलीवर चांदी ठेवलीत की मीटर काळं बघून उजेड वाढवतो आणि रुपया जळतो. पांढऱ्या कागदावर शिवराई ठेवलीत तर उलट. तुमच्या दोन्ही तक्रारी अर्ध्या इथल्याच आहेत. राखाडी कार्डशीट वापरा, तरीही चांदीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक द्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकत नाही ना ते बघा.

रंगासाठी एकच नियम: खोलीत एकाच जातीचा उजेड. खिडकीचा निळा, ट्यूबचा हिरवट आणि बल्बचा पिवळा मिसळला की तांब्याचा खरा रंग नंतर कुणालाच सापडत नाही. पडदा ओढा, ट्यूब बंद करा, दोन्ही बल्ब एकाच पाकिटातले घ्या आणि नाण्याच्या जागी पांढरा कागद ठेवून व्हाइट बॅलन्स मोजून घ्या.

कॅमेरा नाण्याला समांतर आहे का, हे ओळंब्यापेक्षा आरसा चांगलं सांगतो. नाण्याच्या जागी लहानसा आरसा ठेवा. व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यावर लेन्सचंच तोंड दिसलं की झालं. नाणं कागदावर थेट न ठेवता बाटलीच्या झाकणावर ठेवलंत तर सावली खाली पडते आणि मागचा कागद धूसर होतो. घरातल्या तिपाईवरचा कॅमेरा सरळ खाली वळत नाही, ही जुनी रड. मी जुन्या बाजारातून डार्करूमच्या एन्लार्जरचा (फिल्मवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राचा) स्टँड आणलाय, वरचा दिवा काढून तिथे कॅमेरा बसवला. तसा स्टँड आता क्वचित मिळतो, पण दिसला तर सोडू नका.

अजिबात न वापरलेला, झळझळीत रुपया असेल तर काचेची युक्ती करा. फोटोफ्रेमची पातळ काच नाण्यावर ४५ अंशांत तिरकी धरायची. दिवा बाजूने, काचेच्या उंचीवर. उजेड काचेवर आपटून सरळ खाली नाण्यावर पडतो आणि कॅमेरा वरून काचेतूनच बघतो. दिव्याचा उजेड थेट नाण्यावर जाऊ नये म्हणून खाली पुठ्ठ्याची आड, आणि दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड, नाहीतर काचेत भिंत दिसते. यात चांदीवरची निळी-जांभळी झाक अशी उतरते की बघत राहावं. पण ओरखडे यात लपतात. विकायला काढलेल्या नाण्याचा एवढाच एक फोटो कुणी दाखवत असेल तर तिरक्या उजेडातला दुसरा मागून घ्या.

ओरखड्यांवरून आठवलं. कॉलेजात असताना आत्याने दिलेला व्हिक्टोरियाचा रुपया मी फोटोसाठी लिंबू आणि राखेने घासला होता. तेव्हा चकचकीत वाटला. आजही दिवा खाली आणला की राणीच्या गालावर शेकडो बारीक रेघा दिसतात, सगळ्या माझ्या अंगठ्याच्या दिशेने गेलेल्या. म्हणून शिवराईला चिंच नको, टूथपेस्ट नको. रबरी फुग्याने धूळ उडवा, कडेने धरा, बस.

कॅमेरा काढायचा कंटाळा आला तर मोबाईलही चालतो, पण नाण्याला नाक लावू नका. वीत-दीड वीत लांब राहा, दुप्पट झूम करा, फोन दोन स्टीलच्या डब्यांवर आडवा टेकवा, नाण्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. प्लास्टिकच्या पाकिटातून काढलेला फोटो मात्र टाकू नका, त्यात फक्त पाकीट दिसतं.

शिवराईचे नवे फोटो काढलेत की दोन्ही बाजू एकाच दिव्यात घ्या, आणि वजन लिहा, ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत. ती महाराजांच्या काळची की पेशवाईतली, हे बोलायला नुसत्या फोटोवर मी धजावणार नाही.