मुलीच्या एअर पिस्तुलासाठी रेंज बॅग कोणती घ्यावी?

तुमची मुलगी आठवीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते, आता स्वतःचं पिस्तूल आलंय आणि ऑनलाइन दिसणाऱ्या रेंज बॅगांपैकी (नेमबाजीचं सामान न्यायच्या बॅगांपैकी) कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. मी बारा वर्षं हाच प्रकार खेळतोय, म्हणून लिहितो.

पिस्तुलाचं रक्षण करते ती कडक केस, बॅग नव्हे. परदेशी मॅच पिस्तुलाबरोबर बहुतेक वेळा अशी केस येतेच. आली नसेल तर आधी ती घ्या आणि आतला फोम पिस्तुलाच्या आकाराला कापून घ्या. नुसत्या मऊ बॅगेत पिस्तूल ठेवलं आणि एसटीत कुणाची ट्रंक त्यावर आली, तर मागची साइट (नेम धरायची खाच) हलते. मग मुलीला वाटतं आपलाच नेम बिघडला, आणि आठवडा त्यातच जातो.

ऑनलाइन दिसणाऱ्या बऱ्याचशा बॅगा अमेरिकेतल्या काडतुसांच्या बंदुकांसाठी बेतलेल्या असतात. त्यातले मॅगझिनचे, म्हणजे काडतुसं भरलेल्या खोक्यांचे, कप्पे तुमच्या काहीच कामाचे नाहीत, वजन तेवढं वाढतं. लष्करी छापाची बॅग तर घेऊच नका. एसटीत, रेल्वेत उगाच नजरा वळतात. साधी काळी किंवा निळी बॅग बरी.

नेमबाज स्वप्नील कुसाळे यांना २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळाल्यापासून आमच्या रेंजवर नवी मुलं बरीच आली, आणि काही पालक थेट मोठी ट्रॉलीच घेऊन येतात. पण ते पदक ५० मीटर रायफलचं. रायफलवाल्यांना ताठ कॅनव्हासचं जॅकेट, ट्राउझर, बूट असं सगळं न्यावं लागतं. पिस्तूलवाल्यांचं सामान थोडं: केस, पेलेटच्या (छर्‍यांच्या) डब्या, पिस्तुलाला हवा पुरवणारा जादा सिलिंडर, सपाट तळाचे बूट, ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी) किंवा शूटिंगचा चष्मा, इअरप्लग, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवायला नळीत घालायची रंगीत दोरी), स्क्रू ड्रायव्हर आणि अॅलन की, टॉवेल, पाण्याची बाटली. सुमारे ३० ते ३५ लिटरची बॅग पुरते, फक्त केसची लांबी मोजून घ्या. सेफ्टी फ्लॅगला बाहेरचा, पटकन हात जाईल असा कप्पा हवा. केस उघडली की तो नळीत दिसलाच पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेलेट शिशाचे असतात. हाताळताना बोटांना राखाडी थर लागतो तो शिशाचाच, आणि वाढत्या मुलांच्या मेंदूला शिसं घातक आहे. मी सुरुवातीला एकाच खणात डबी आणि पोळीभाजीचा डबा ठेवायचो. एकदा पेलेटच्या डबीचं झाकण निघालं आणि पेलेट बॅगभर झाले, डब्याच्या फडक्यातसुद्धा. त्या दिवशी जेवण टाकून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी बॅग बदलली. म्हणून पेलेटला चेन असलेला, धुता येईल असा वेगळा कप्पा बघा. खाणं तर या बॅगेत नकोच, वेगळ्या पिशवीत असू द्या. रेंजवरून निघताना साबणाने हात धुवायची सवय लावा. डबीला जाड रबर लावायला विसरू नका. शिसं मऊ असल्यामुळे पडलेल्या पेलेटची कड चेपते, आणि असे पेलेट मॅचमध्ये वापरायचे नसतात. एका पेलेटचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५०० ची डबी साधारण पाव किलो. रोज दोन डब्यांपेक्षा जास्त ओझं द्यायचं कारण नाही.

सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. त्याला जाड कापडाची पिशवी शिवून घ्या आणि मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत सोडू नका. विमानाने स्पर्धेला जाल तेव्हा सिलिंडर रिकामा करावा लागतो, हे विमान कंपनीला आधीच विचारून ठेवा.

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. बॅगेला रेन कव्हर हवंच. पण भिजून घरी आल्यावर केस बंद ठेवली तर फोममधली ओल पिस्तुलाच्या लोखंडाला गंज चढवते. जूनपासून माझी केस रोज रात्री पंख्याखाली उघडी असते, अर्थात कुलूप लावलेल्या खोलीत.

खरेदीला मुलीला बरोबर न्या, केस आणि बूटही न्या. दुकानातच बॅग भरून तिला पाठीवर घेऊन जिना चढायला सांगा. केसचा कोपरा पाठीला टोचत असेल, तर ती बॅग तिथेच ठेवा.